दाभोळची मशीद, हेदवीची घळ

आमच्या एरंडोलहून समुद्र लांब. गावाला नदी आहे ती अंजनी, आणि उन्हाळ्यात तिच्या पात्रातून चपला न भिजवता पलीकडे जाता येतं. खानदेशातली कुटुंबं सहलीला निघाली की अजिंठा, तोरणमाळ, फार तर खुलताबादची जियारत करून परत येतात. कोकण म्हणजे दोन दिवस जायला आणि दोन दिवस यायला, असा हिशेब करून बहुतेक जण तो बेत सोडून देतात. यंदा नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं, दोन मुलं आणि अम्मी असे पाच जण जाऊन आलो.

सुरुवात मुलांनी केली. मोबाइलवर त्यांनी इटलीतल्या काप्री बेटावरची निळी गुहा पाहिली होती. गुहेचं तोंड इतकं ठेंगणं की होडीत आडवं पडूनच आत शिरावं लागतं, आणि आत गेलं की पाण्याखालून येणाऱ्या उजेडाने सगळं निळंशार. असं आपल्याकडे का नाही, हा त्यांचा प्रश्न. उत्तर खडकात आहे. इटलीच्या त्या किनाऱ्याचा दगड चुनखडीचा. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते, म्हणून तिथे मोठमोठ्या पोकळ्या तयार होतात. आपला दगड म्हणजे काळा बसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो विरघळत नाही. लाटा वर्षानुवर्षं आपटून त्याच्या भेगा तेवढ्या रुंदावतात. म्हणून आपल्याकडे दिवाणखान्यासारख्या गुहा कमी, चिंचोळ्या घळी जास्त. अशीच एक गुहागर तालुक्यात हेदवीला आहे. तिचं नाव बामणघळ. मुलांना ती दाखवायचं ठरलं.

अम्मींचं कारण वेगळं होतं. पासष्टी उलटली तरी त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. त्यांच्या आई, म्हणजे आमच्या नानी, हजला मुंबईहून जहाजाने गेल्या होत्या. साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग बंदर, मग दिवसच्या दिवस चारी बाजूंनी पाणी. ही गोष्ट अम्मींनी लहानपणी इतक्या वेळा ऐकली की जहाजावर भात कसा शिजायचा हेही त्या सांगतात. हजचं जहाज १९९५ नंतर बंद झालं, आता सगळे विमानाने जातात. अम्मी आणि अब्बांचा नंबर लागला तो २०२० साली. पैसे भरले, कपडे शिवून आणले, आणि साथ आली. त्या वर्षी बाहेरच्या देशांतून कोणालाच जाता आलं नाही, पुढच्या वर्षीही नाही. पैसे परत मिळाले. दुसऱ्या लाटेत ते अब्बांच्या इलाजाला लागले, आणि अब्बा राहिले नाहीत. त्यानंतर हजचा विषय घरात कोणी काढत नव्हतं. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना मेहरमशिवाय चौघींच्या गटाने जाता येतं, ही सोय २०१८ पासून आहे, हे आम्ही एकदा सांगून पाहिलं. अम्मींनी ऐकून घेतलं आणि डाळ निवडत बसल्या.

जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथून कोकण रेल्वेने खेड, खेडहून एसटीने दापोली. बोगदे सुरू झाले तेव्हा धाकटीने मोजायला घेतले आणि अर्ध्यात झोपली.

दापोलीला एका कोकणी मुस्लिम घरी जेवणाची सोय झाली. घरातले तिघं आखातात, एक जहाजावर. या भागातली बरीच घरं अशीच, पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर पोट असलेली. आपण सगळे मराठी मुसलमान म्हणवतो, पण खानदेश आणि कोकण यांत किती फरक आहे ते ताटावर बसल्यावर कळतं. तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातलं कालवण, गोड सांदणं. आणि मधोमध कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं वाडगं. आम्ही हनफी, ते शाफई. शाफई मजहबात समुद्रातलं जवळपास सगळं हलाल. हनफींमध्ये मासे चालतात, खेकडा नाही, आणि कोळंबीवरून तर उलेमांमध्येच मतभेद. अम्मींनी वाडगं हळूच मुलांपासून लांब सरकवलं. घरच्या बाईंनी ते पाहिलं, हसल्या, काही न बोलता तळलेला बांगडा आणून ठेवला. त्या घरी असरची नमाजही आमच्याआधी झाली, कारण त्यांच्याकडे असरचा वक्त लवकर सुरू होतो. मोठ्याने विचारलं, मग बरोबर कोण? अम्मी म्हणाल्या, "दोघं. तू जेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी तासाभरात दाभोळ. आज हे वाशिष्ठी खाडीच्या मुखाशी डोंगर आणि पाणी यांच्या चिंचोळ्या पट्टीत बसलेलं गाव आहे. माडांची गर्दी, मासळीचा वास, फेरीबोटीसाठी थांबलेल्या गाड्या. एके काळी हे पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांपैकी एक होतं यावर विश्वास बसत नाही. १४५३ च्या सुमारास इराणातल्या गिलान प्रांतातून महमूद गावान आला तो इथेच उतरला. पुढे तो बहमनी राज्याचा वजीर झाला, बीदरचा मदरसा त्याने बांधला. रशियन व्यापारी अफनासी निकितीन १४७२ साली हिंदुस्थानातून परत निघाला तो याच बंदरातून. घोडे उतरायचे, कापड चढायचं, दख्खनचे हाजी जहाजात बसायचे. मग डिसेंबर १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदा आला. त्याचा मुलगा त्याच वर्षी चौलजवळच्या लढाईत मारला गेला होता. त्या सुडाच्या वाटेवर त्याने दाभोळ जाळलं. गाव पुन्हा उभं राहिलं, आदिलशाहीत पुन्हा भरभराटलं, पण पुढे सुरत आणि मुंबईने सगळा व्यापार ओढून नेला. आम्हा खानदेशी लोकांचं बंदर तर आधीपासूनच सुरत. बुऱ्हाणपूर ते सुरत हा रस्ता आमच्याच मुलखातून जायचा, माल त्याच वाटेने आणि हाजीही त्याच वाटेने.

बंदराच्या अगदी जवळ, माडांमध्ये ती मशीद दिसते. गावात तिला अंडा मशीद म्हणतात, कोणी मासाहेबांची मशीद म्हणतात. उंच जोत्यावर काळ्या दगडाचं बांधकाम, वर एकच मोठा घुमट, चार कोपऱ्यांना चार मिनार, समोर अंगण आणि हौद. विजापूर पाहिलेल्याला हात ओळखू येतो. कमानींचा डौल तोच, घुमटाच्या बुडाशी पाकळ्या त्याच. कोकणात बहुतेक मशिदी उतरत्या कौलांच्या, घरासारख्या दिसणाऱ्या. इतक्या पावसात घुमट कोण बांधतो? इथे बांधला, आणि साडेतीनशे पावसाळे तो उभा आहे.

तिथल्या देखभाल करणाऱ्या चाचांनी आम्हाला गोष्ट सांगितली. जुन्या गॅझेटियरातही ती थोड्या फरकाने आहे. १६६० च्या सुमारास विजापूरची एक शहजादी, गावात तिचं नाव आयशाबीबी सांगतात, मोठा लवाजमा आणि खजिना घेऊन हजला निघाली. दाभोळपर्यंत आली. जहाजं तयार होती. पण समुद्र सुरक्षित नव्हता, चाच्यांची भीती होती. दिवस जात राहिले, जहाज सुटेना. शेवटी बरोबरच्या आलिम लोकांनी सल्ला दिला की नेकीसाठी काढलेला पैसा नेकीतच लागू दे. त्या पैशातून ही मशीद उभी राहिली.

यातला तपशील इतिहासाच्या कसोटीला किती उतरेल ते अभ्यासक सांगतील. पण प्रश्न त्या काळात खरोखरच पडत होता. हज फर्ज होतो तो इस्तिताअत असेल तर, आणि इस्तिताअतीत पैसा आणि तब्येत यांच्याबरोबर रस्त्याची सुरक्षितताही येते. सोळाव्या शतकात समुद्रावर पोर्तुगिजांचा परवाना घेतल्याशिवाय जहाज हाकता येत नसे. असा परवाना घेऊन जावं का, की या परिस्थितीत फर्ज उरतच नाही, यावर मोगल दरबारातल्या उलेमांनीही वाद घातले होते. आम्हाला हे पुस्तकातलं वाटत होतं. २०२० साली आमच्या घरात तेच घडलं, फक्त चाच्यांच्या जागी विषाणू होता.

अम्मी अंगणाच्या कठड्यावर बसून ऐकत होत्या. गोष्ट संपल्यावर त्यांनी चाचांना विचारलं, "मग शहजादी गेली का पुढे कधी?"

चाचा म्हणाले, "ते काही कोणी सांगत नाही, आपा. मशिदीचं सांगतात."

"मशीद तर झाली," अम्मी म्हणाल्या. "तिचं काय झालं?"

चाचांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी विषय बदलला, कुठून आलात विचारलं. जळगाव-धुळ्याच्या मधलं एरंडोल म्हटल्यावर त्यांना काही बोध झाला नाही. आमच्या गावाचं नाव एके काळी देशी कागदासाठी लांबवर माहीत होतं, दाभोळचं बंदरासाठी. आता दोघांनाही पत्ता सांगावा लागतो.

दाभोळहून पलीकडे धोपावेला फेरीबोट जाते. माणसं, मोटारी, दुचाक्या सगळं तिच्यात चढतं. खाडी ओलांडायला थोडाच वेळ लागतो, पण रस्त्याने चिपळूणवरून वळसा घ्यायचा तर अर्धा दिवस मोडेल. पलीकडच्या तीरावर अंजनवेलच्या बाजूला वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. एन्रॉनचा म्हणून गाजलेला दाभोळ प्रकल्प तो हाच. नाव दाभोळचं आणि जागा खाडीपलीकडची, त्यामुळे दाभोळच्या वाट्याला नुसती बदनामी आली असं बोटीवरचा एक जण म्हणाला. त्याच्याकडूनच आम्ही भरतीचं गणित शिकलो, आणि ते शिकण्यासाठी तरी प्रत्येकाने या बोटीत बसावं.

गणित असं. पंचांगातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. भरती दिवसातून दोनदा येते, मधे सव्वाबारा-साडेबारा तासांचं अंतर, आणि रोज पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे पाणी सर्वांत वर चढतं, ते उधाण.

"आम्हाला तिथी कुठली माहीत असायला," आम्ही म्हटलं.

"चांदची तारीख तर माहीत आहे?" अम्मी मधेच बोलल्या. "उद्या चांदची पंधरा." अम्मी दर महिन्याला तेरा-चौदा-पंधराचे रोजे धरतात, सफरीत तेवढे सोडले होते. त्यामुळे चांदची तारीख त्यांना विचारावी लागत नाही. बोटीवाल्याने क्षणभर बोटं मोजली. आपला महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो, पंचांगातला शुक्लपक्ष अमावास्या संपताच. म्हणून तिथी एक-दोनने पुढे असते. चांदची पंधरा म्हणजे वद्य द्वितीयेच्या आसपास. दोनची पाऊणपट दीड. "उद्या दुपारी दीडला हेदवीला उभे राहा, मावशी," तो म्हणाला, "पण लांब उभे राहा."

गुहागरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गावामागे सुरूचं बन, त्यातून पायवाट, आणि बन संपलं की एकदम सगळं उघडं. मैलोन्‌मैल सरळ वाळू आणि समोर काहीच नाही. मुलं चपला टाकून पळाली. अम्मी बनाच्या कडेला थांबल्या. किती वेळ थांबल्या ते आम्ही मोजलं नाही. मग त्यांनी विचारलं, किबला कुठे?

या किनाऱ्यावर हे सोपं आहे. समुद्राकडे तोंड केलं की किबला जवळपास समोरच, किंचित उजवीकडे. मधे जमीन येते ती थेट अरबस्तानची. नकाशात पाहिलं तर एरंडोल आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, पण आमच्याकडे पश्चिमेला उसाचं शेत असतं, शेजाऱ्याची भिंत असते, किबला तिच्या पलीकडे आहे हे मानून घ्यावं लागतं. इथे मानायला लागत नव्हतं. ओल्या वाळूच्या वर, कोरड्या जागी चादर अंथरून आम्ही असर पढलो. अम्मींनी गुडघ्यांमुळे बसूनच. सलाम फेरल्यावरही त्या बराच वेळ बसून राहिल्या.

रात्री खोलीवर मुलं झोपल्यावर त्यांनी आपणहून विचारलं, "ते चार बायकांचं काय होतं?"

आम्ही जे माहीत होतं ते सांगितलं. वयाची अट, अर्ज, पासपोर्ट. पैशाचंही सांगितलं, की एकदम जमणार नाही, पण दोन वर्षांत जमेल. अम्मी बोटांवर काही मोजत होत्या. आम्हाला वाटलं पैसे. पण त्या गल्लीतल्या बायका मोजत होत्या. एक तर अब्बांच्याच आठवड्यात विधवा झालेली, तिच्याकडे पासपोर्ट आहे. दुसरीला मुलगा जाऊ देईल की नाही, शंका. "तिसरी कोण?" एवढं म्हणून त्या झोपल्या.

हेदवी गुहागरहून पाऊण-एक तासाच्या अंतरावर. गावात दशभुजा गणपतीचं देऊळ प्रसिद्ध आहे, बहुतेक प्रवासी तिथेच येतात. घळीकडे जायचं तर समुद्रावर उतरायचं आणि उमामहेश्वराच्या छोट्या देवळाच्या बाजूने खडकावरून चालत राहायचं. वाळू संपते आणि काळा कातळ सुरू होतो. त्याच्यावर पाय ठेवताच ओळख पटते. हाच दगड आमच्या विहिरींच्या तळाशी, हाच अजिंठ्याच्या लेण्यांत. तिकडे माणसांनी छिन्नीने कोरला, इकडे पाण्याने.

बामणघळ म्हणजे या कातळात समुद्राकडून आत चिरत आलेली एक खोल, अरुंद भेग. कोणी ब्राह्मण त्यात पडला म्हणून हे नाव, असं लोक सांगतात. ओहोटीला पाहिलं तर वाटतं, यात पाहण्यासारखं काय आहे? तळाशी थोडं पाणी हलत असतं, भिंतींना शिंपल्यांची खरखर. आम्ही बाराला पोचलो तेव्हा धाकटीचा चेहरा पडला होता. हीच का गुहा?

साडेबारापासून आवाज बदलला. आधी नुसती गुरगुर. मग प्रत्येक मोठ्या लाटेला जमिनीखालून एक दणका, जो पायाला आधी आणि कानाला नंतर कळतो. लाट बाहेर रुंद असते, घळीत शिरताना तिला जागा उरत नाही. पुढची हवा कोंडते, दाबली जाते आणि शेवटी पाण्यासकट वर फुटते. एकला पहिला खरा फवारा उडाला, आमच्या डोक्याच्या कितीतरी वर. हिवाळ्यात समुद्र शांत, पावसाळ्यात हाच फवारा याहून कितीतरी उंच जातो म्हणतात. पण त्या दिवसांत या निसरड्या कातळावर यायचा विचारही कोणी करू नये. उन्हात त्या पाण्याच्या भुकटीत इंद्रधनुष्य दिसलं. निळी गुहा मुलं विसरली.

फवारे एकसारखे येत नाहीत, आणि धोका त्यातच आहे. चार लाटा मवाळ येतात, माणूस दोन पावलं पुढे सरकतो, आणि पाचवी मोठी येते. आमच्या समोरच शहरातून आलेली चार-पाच पोरं घळीच्या काठावर पाठ करून फोटो काढत होती. खाली जाळं सावडणारा एक म्हातारा कोळी तिथून ओरडत आला. शब्द लिहिण्यासारखे नव्हते. पोरं हसत मागे झाली. ती मागे झाली त्यानंतरच्या लाटेने ती उभी होती तो कातळ धुऊन नेला, एक चप्पल घेऊन गेला. मग कोणी हसलं नाही. म्हातारा परत जाळ्यापाशी गेला. तिथे ना कठडा, ना दोरी. जाणाऱ्याने आपलं अंतर आपण ठरवायचं. मुलांचा हात धरायचा, कातळ ओला दिसतो तिथे पाणी येऊन गेलंय आणि पुन्हा येणार आहे असं समजायचं, आणि समुद्राकडे पाठ करायची नाही.

अम्मी लांब, कोरड्या खडकावर बसल्या होत्या. प्रत्येक दणक्याला त्यांच्या तोंडून "सुब्हानल्लाह" निघत होतं. दीड वाजता पाणी सर्वांत वर होतं. बोटीवाल्याचा हिशेब बरोबर निघाला. दोनला फवारे ठेंगणे झाले, अडीचला नुसती गुरगुर उरली. धाकटीला पुन्हा पाहायचं होतं. अम्मींनी तिला बोटांवर हिशेब करून दाखवला. पुढची भरती रात्री दोनच्या आसपास, आणि चिपळूणची एसटी साडेतीनला होती.